खड्ड्यासाठी सात दाबा

मावशी पेपर मागच्या पानापासून वाचते. पहिलं पान उघडायच्या आधी चष्मा पुसते, म्हणते, "आता थापा वाचायच्यात, नीट दिसायला हवं." विचित्र बातम्या मोठ्यानं वाचते, त्याही एखादा मंत्री गेल्यासारख्या आवाजात. लिफ्टमधली बाई 'दार बंद होत आहे' म्हणाली की तिला "हो गं बाई" म्हणते. आणि माईकसमोर कुठलंही वाक्य सरळ म्हणायच्या आधी एकदा वाकडं म्हणते. घसा मोकळा होतो म्हणे.

पुढचं सगळं या शेवटच्या सवयीमुळे झालं.

मावशी माझी सख्खी नाही. आम्ही एकत्र काम करतो. फोनवर 'अमक्यासाठी एक दाबा' सांगणारा आवाज असतो ना, तो तिचा. वाक्यं माझी. साहित्याची पदवी घेऊन मी 'कृपया प्रतीक्षा करा' लिहिते. गल्लीत तिला एकदाबा मावशी म्हणतात.

नगरपालिकेनं तक्रारी ऐकणारी माणसं काढली आणि यंत्र बसवलं. पाण्यासाठी एक, दिव्यांसाठी दोन, असं करत खड्ड्यांसाठी सात. सात दाबलं की आभार मानून ते पुन्हा एकवर आणून सोडायचं. वर्षाच्या आत महापौरांनी जाहीर केलं, शहरातल्या तक्रारी निम्म्यावर आल्या. मावशीनं ती बातमी तिच्या विचित्र बातम्यांच्या आवाजात वाचली. एकही शब्द बदलावा लागला नाही.

त्याच सुमारास तिच्या दारात चर खणला गेला. पाइप टाकायचा होता. पाइप आला नाही, चर राहिला.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, चाकांच्या खुर्चीत असतात. बॅटरीची, जडशीळ खुर्ची. रोज सकाळी ती चालवत ते कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे जायचे. चर पडला आणि ते खिडकीत आले. न्हावी घरी यायला तयार होता.

"केस कापायला कोण जातं?" काका म्हणाले. "मी भांडायला जातो. घरी येऊन तो पाहुण्यासारखा वागेल."

शेजारी उचलून न्यायला तयार होते.

"मी काय कपाट आहे?"

केस कॉलरवर आले. मावशी सात दाबत राहिली. पलीकडून तीच बोलायची: "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे."

"तिकडे किती गोड बोलतेस," काका म्हणायचे. "घरी काय होतं?"

मग यंत्र अपडेट झालं; त्यासाठी मावशीनं सगळी वाक्यं पुन्हा म्हटली. आमचा हेडफोनवाला, म्हणजे रेकॉर्डिंग करणारा, प्रत्येक वाक्याचे दोन्ही तुकडे जपून ठेवतो, आधी वाकडा, मग सरळ. जुन्या यंत्राला दुसरा उचलायला शिकवलं होतं. नव्यानं पहिला उचलला. तपासून कोणी पाहिलं नाही. नगरपालिकेत तक्रारीचा नंबर आपण होऊन कोण फिरवणार?

सकाळी शहराला ऐकू आलं:

"पाण्यासाठी एक दाबा. आलं तर आम्हालाही कळवा."

"दिव्यांसाठी दोन दाबा. अंधारात दोन सापडत नसेल तर कुठलंही दाबा, काही फरक पडत नाही."

"खड्ड्यांसाठी सात दाबा. आधी माझ्या दारातला बुजवा, मग तुमचा बघू."

लोक तक्रार नसताना फोन करू लागले. पोरं शाळेतून करू लागली. लाइन तुंबली. परगावच्या पेपरांनी छापलं. मावशीनं मागचं पान उघडलं, तर विचित्र बातमीत तीच. ही मात्र तिला मोठ्यानं वाचता येईना.

"गेली नोकरी," ती म्हणाली. "तुझीही. आता चर बघायला तिकीट लावू."

दुपारी महापौरांच्या सहायकाचा फोन आला. मी हात जोडूनच ऐकत होते.

"साहेब फार खूश आहेत," तो म्हणाला. "नागरिकांशी मनमोकळं बोलणारं यंत्र. कल्पना साहेबांचीच होती, हे लक्षात असू द्या. उद्या ताईंचा घरी सत्कार."

सकाळी ट्रक आला. चरावर लोखंडी पत्रा पडला, पत्र्यावर लाल गालिचा. महापौर गालिच्यावर उभे राहिले. कॅमेरे लागले.

"काय ताई, काही अडचण?"

"खड्डा."

"कुठे?"

"तुमच्या पायाखाली."

सगळे हसले. महापौर सगळ्यांत जास्त. "बघा! हीच ती विनोदबुद्धी!"

"आवाज नीट आला नाही," कॅमेरावाला म्हणाला. "ताई, परत एकदा."

मावशी परत म्हणाली. सगळे परत हसले.

खरं बोललेलं लोकांना कळत नाही, हे मी पुस्तकांत वाचलं होतं. ते पुन्हा करून दाखवायला सांगतात, हे कुठे वाचलं नव्हतं.

भाषण सुरू झालं तशी काकांनी खुर्ची चालू केली. महापौरांना "जरा बाजूला" म्हणाले, गालिच्यावरून पार झाले आणि थेट न्हाव्याकडे गेले.

कार्यक्रम संपला. माणसांनी गालिचा गुंडाळला, पत्रा ट्रकात टाकला. मावशी धावली. "अहो, थांबा! आमचे हे बाहेर आहेत!"

"पुढच्या वॉर्डात सत्कार आहे मावशी," ड्रायव्हर म्हणाला. "पत्रा एकच आहे."

काका आले. मनसोक्त भांडून, केस कापून, तजेलदार. चराच्या पलीकडे थांबले.

"अगं, सात दाब!"

"तुम्हीच दाबा. मला माझं ऐकवत नाही."

शेजारी पुढे आले. काकांनी नुसतं बघितलं. शेजारी मागे गेले. काका न्हाव्याकडे राहायला गेले; चर बुजल्याशिवाय येणार नाही, असं सांगून. मावशी चर ओलांडून डबा पोचवू लागली.

त्याच आठवड्यात नवी वाक्यं आली. विनोदी. समितीनं मंजूर केलेली. माझं काम फक्त त्यातले स्वल्पविराम बघण्याचं. मावशीनं एकेक म्हटलं. न वाकडं, न सरळ; कामावर हजेरी लावावी तसं. शेवटचं वाक्य होतं: 'आपल्या दारातला खड्डा बुजवण्यात आला आहे. आता हसा!'

हेडफोनवाल्यानं बोट वर केलं. मावशीनं चष्मा काढून पुसला.

"मावशी, एकदा वाकडं म्हणून घे," मी म्हटलं. "घसा मोकळा होईल."

"याच्याहून वाकडं कसं म्हणू?"

स्टुडिओच्या काचेपलीकडून महापौरांचा सहायक म्हणाला, "ताई, एवढं एक झालं की संपलं. नाहीतर आम्हाला दुसरा आवाज बघावा लागेल."

"बघा की." तिनं हेडफोन काढून माझ्या हातात दिले. "मी घरी जाऊन चर बघून येते. बुजला असेल तर म्हणते."

ती अजून आलेली नाही. बाकीची वाक्यं तयार आहेत. शेवटच्याची जागा रिकामी आहे.