शिंगांच्या रंगाची चाकं

मला माझ्या थोरल्या बहिणीचा हेवा वाटतो. साठी जवळ आली तरी वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे लपवाछपवी करावी लागणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. पिंगळीला आक्काच्या ओट्यासमोर आबांची जुनी काळी सायकल, आणि तिच्या सीटवर हात ठेवून उभी आक्का. फोटो तिच्या नातीनं काढलेला. खाली भाच्या-पुतण्यांचे अंगठे आणि लाल बदाम. मी इकडे परभणीत गवार मोडत बसले होते. फोन पालथा घातला आणि उरलेली गवार अशी मोडली, की जेवताना नवऱ्यानं विचारलं, "आज भाजीत सुतळी घातली का?"

आबा म्हणजे आमचे वडील. आमचं गाव ताडकळसपासून दोन कोसांवर, आणि शाळा ताडकळसला. आबांनी आक्काला त्या सायकलीवर कैची शिकवली. दांडीखालून पाय घालायचा आणि अर्धं पायडल मारत जायचं. त्या काळी पोरीनं सायकल चालवणं म्हणजे गावाला आठवडाभर पुरणारा विषय. तीन वर्षांनी मी पाचवीत गेले आणि मलाही शिकवा म्हणून हट्ट धरला. आबा म्हणाले, "एकीचं नाव गावभर झालंय, तेवढं बास. तू मागं बस."

मी मागे बसले. तीन वर्षं बसले. त्या रस्त्यावर समोर काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. मला आठवते ती आक्काची पाठ, तिची तेल चोपडलेली वेणी आणि पोलक्यावरचा घामाचा डाग. लोक हाक मारायचे तेही तिलाच, "सायकलवाली आली गं." मी म्हणजे दप्तराच्या जोडीचं एक ओझं. पुढे तिचं लग्न झालं. आता तरी मला शिकवा म्हटलं, तर नेमकी त्याच वर्षी गावात एसटी सुरू झाली. आबा म्हणाले, "आता कशाला?"

आबा गेल्यावर भावानं विचारलं, आठवण म्हणून कुणाला काय पाहिजे? आक्का लगेच म्हणाली, "सायकल." मी म्हणाले, "मला काही नको." असं म्हटलं की समोरच्यानं आग्रह करायचा असतो. भावानं केला नाही. सायकल पिंगळीला गेली आणि मी हात हलवत परभणीला आले.

एका गोष्टीत मात्र मी आक्काच्या वर होते. आमच्याकडे एकच बैलजोडी होती. पोळ्याला एका बैलाची शिंगं आक्का रंगवायची, दुसऱ्याची मी. शिंगं साळून गुळगुळीत केली, की निळा रंग, त्यावर लाल पट्टा आणि पट्ट्यावर पिवळे ठिपके. आक्काचे ठिपके ओघळायचे. माझे जागच्या जागी बसायचे. एका पोळ्याला आबा चार माणसांत म्हणाले होते, "धाकटीचा हात साफ हाय." आक्काला सायकल मिळाली, मला हे वाक्य. मी ते जपून ठेवलं आहे.

म्हणून फोटोनंतर आठ दिवसांनी आक्काचा फोन आला, तेव्हा मी आधी सुखावले आणि मग चिडले.

"काय करायलीस?" आक्का म्हणाली. "नात म्हणायली, सायकलीची चाकं रंगवू. मोबाइलवर दाखवली मला पांढरी, गुलाबी, काय काय. मी म्हणलं, रंगवायची तर आपल्या बैलाच्या शिंगावानी. आन् ते काम तुझ्याबिगर कुनाला जमतंय?"

म्हणजे सायकल तिची, फोटो तिचा, आणि हात माझा. वा! तरी मी हो म्हणाले, कारण मनात दुसरंच शिजत होतं. चाकं अशी रंगवायची, की फोटो बघणारानं आक्काकडे बघायचंच नाही.

पिंगळीच्या सायकल मिस्त्रीनं दोन्ही चाकं काढून, टायर-ट्यूब उतरवून दिली. ती घेऊन मी पॅसेंजरनं परभणीला आले. एक चाक मांडीवर, एक पायाशी. समोरच्या बाईनं विचारलं, "बाकीची सायकल कुठाय?" मी म्हणाले, "बहिणीकडे." तीही काय समजायची ती समजली असेल.

चार दिवस मी घरात दुसरं काम केलं नाही. काचपेपरनं गंज उतरवला. तारांच्या बेचक्यात बोटं घालून घालून नखं फुटली. शिंगं साळतात तशी मी ती चाकं साळली. मग रेडऑक्साइडचा हात, तो वाळल्यावर निळा, मग लाल पट्टा. ठिपक्यांना काडीला कापूस गुंडाळून घेतला. बाहेरून तर दिलेच, पण चाकाची आतली बाजू, जी तारांमधून दिसते, तिथे जास्त जीव ओतला. गोल फिरत एका ओळीत पिवळे ठिपके, एकाचाही पाय घसरलेला नाही. मधल्या तुंब्याला बेगड चिकटवली. नवरा येता-जाता म्हणायचा, "बहिणीवर लय जीव दिसतो तुझा." मी मान वर केली नाही. जीव होता, पण तो कुणावर होता हे त्याला कशाला सांगू?

पाचव्या दिवशी चाकं पिंगळीला नेली. मिस्त्रीनं आक्काच्या ओट्यासमोरच ती बसवली. शेजारपाजारच्या बाया गोळा झाल्या. "अगं बाई, पोळाच की!" एक म्हणाली. नातीनं मोबाइल धरून शूटिंग सुरू केलं. आक्का नुसती बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. मी पदर सावरून मोबाइलच्या पुढे जाऊन उभी राहिले.

मिस्त्री सायकलीवर बसला, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन वळून आला आणि ओट्यापाशी त्यानं ब्रेक दाबला.

मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज झाला. मिस्त्री खाली उतरला, चाक उचलून फिरवलं. ब्रेकच्या रबरांना निळा-पिवळा लगदा चिकटला होता. त्या जुन्या सायकलीचे ब्रेक चाकाला आतून लागतात. जिथे मी जीव ओतला होता, तिथेच. ओळीतले ठिपके एकमेकांत कालवले गेले होते.

मिस्त्री म्हणाला, "मावशी, बैलाला बिरेक नसतो."

सगळ्या हसल्या. नातीचं शूटिंग चालूच. आक्का हसली नाही. उलट माझी बाजू घेत म्हणाली, "तिला कसं ठाऊक असणार? ती कवा पुढं बसलीच न्हाई."

तिनं हे मायेनं म्हटलं होतं. पण माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पन्नास वर्षं मी जे कुणाला बोलले नव्हते, ते चार बायकांसमोर आणि मोबाइलसमोर बाहेर पडलं.

"बसू दिलं का कुनी?" मी ओरडले. "तीन वर्षं तुझी पाठ बघत गेले मी शाळेला! नाव तुझं, सायकल तुझी, आबा तुझे. आन् रंगवायला मी!"

बाया पांगल्या. नातीनं मोबाइल खाली केला. मिस्त्री उगाच पाना शोधायला लागला. आक्का गुडघ्यावर हात देत ओट्यावर टेकली.

"तवाच का न्हाई म्हणलीस?" तिनं हळूच विचारलं.

"म्हणले होते की आबाला!"

"आबाला म्हणलीस. मला कुठं म्हणलीस? दोन कोसाचा रस्ता, आपुन दोघीच. कुठंबी उतरून शिकवलं असतं मी. आबाला कोन सांगणार होतं?"

खरंच, तिला मी कधी म्हटलं नव्हतं. मी फक्त मागे बसून फुगत होते आणि तिनं ते पाठीनं ओळखावं अशी माझी अपेक्षा होती.

"ने ती सायकल," आक्का म्हणाली. "आजच ने. माझ्या गुडघ्यानं काय चढता येतंय आता?"

एवढंच. एक सुस्कारा नाही, टोमणा नाही. ताटातली पोळी दुसऱ्याच्या ताटात सरकवावी तशी तिनं ती देऊन टाकली. तिच्या जागी मी असते तर दिली नसती, हे मला त्याच क्षणी कळलं, आणि तिच्या त्या मोकळेपणाचासुद्धा हेवा वाटला.

नको म्हणायची चूक मात्र मी पुन्हा केली नाही. सायकल टेम्पोत घालून परभणीला आणली. चाकांची आतली बाजू खरवडून कोरी केली, रबरं नवी घातली. बाहेरचा निळा रंग, पट्टा आणि ठिपके तसेच आहेत.

एका दुपारी घरात कोणी नव्हतं. व्हरांड्यात सायकल स्टँडवर होती. स्टूल घेतलं, नऊवारी असती तर बरं झालं असतं असं म्हणत पाचवारी खोचली, आणि एकदाची सीटवर बसले. पायडल मारलं. मागचं चाक हवेत फिरायला लागलं. मान वळवून बघितलं तर ठिपक्यांची एकच पिवळी रेघ झाली होती. ब्रेक दाबला, चाक मुकाट थांबलं. पुन्हा मारलं, पुन्हा थांबवलं. समोर व्हरांड्याची जाळी होती, तरी मला रस्ता दिसत होता. शेवटी मी पुढे बसले होते.

मग तोंडातून आपसूक निघालं, "घट्ट धर गं."

पुलाजवळचा उतार आला की आक्का मला असंच म्हणायची, आणि मी दोन्ही हातांनी तिच्या कमरेला विळखा घालून डोकं तिच्या पाठीला टेकवायची. मी हात मागे नेला. कॅरिअरचं गार लोखंड हाताला लागलं. आक्का तीन वर्षं पुढे होती, पण तिच्या पाठीला रोज कुणीतरी होतं. माझ्या पाठीला कोणी नव्हतं.

आता हेवा वाटतो तो याचा. आणि हे काही आक्काला टेम्पोत घालून देता येणार नाही.