रंगराव आणि बांधलेली चाल

रंगराव करीच्या दिवशी वडनेर भोलजीला जाऊन पत्त्यांत अर्धा एकर हरून आले, असं सध्या आमच्या रोहिणखेडात पानठेल्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळे सांगून राहिलेत. खोटं आहे. मी स्वतः त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो. हरले त्या भुईमुगाच्या शेंगा, त्याही ओल्या. पण तोंड असं घेऊन परतले की अर्धा एकर परवडला असता.

रंगराव माझे भिंतीला भिंत लागून शेजारी, आणि पत्त्यांतली बडी असामी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, आमच्याकडे तीन पत्तीचा डाव बसतो. आमचा डाव खुल्या चालीचा. ज्याला जेवढं वाटेल तेवढं त्यानं पुढे सारावं. हातात काही नसलं की रंगराव चष्मा कपाळावर चढवतात, मिशीत हसतात आणि पुढचा सगळा ढीग मध्ये लोटतात. समोरचा घाबरून पत्ते टाकतो. त्यामुळे त्यांचे पत्ते गावात फारसे कोणी उघडे पाहिलेलेच नाहीत.

हीच तऱ्हा त्यांनी पोराचं लग्न जमवतानाही लावली. ऋत्विक एकतिशीचा. पुण्याच्या कंपनीतली नोकरी सोडून घरी आला, मांडवावर कारली लावली, आणि चांगली लावली. पण पोरगा शेती करतो म्हटलं की मुलीवाले फोन ठेवून देतात. म्हणून रंगरावांनी वडनेरच्या अन्नपूर्णाबाईंना फोनवर ठोकून दिलं, "पोरगा पुण्याले कंपनीत हाय." त्यांची मुलगी अनुपमा. करीला पाहण्याचा कार्यक्रम कोणी करत नाही, म्हणून हे नुसतं सहज जाणं. रंगराव, ऋत्विक आणि मी. गाडी माझी होती, म्हणून माझा मान.

जेवणं झाली. अनुपमाचे वडील नाहीत, घर बाईच चालवतात. त्यांनी चादर अंथरली, प्रत्येकापुढे शेंगांची पाटी ठेवली. "बसा पाव्हणे. पन आमच्या घरी चाल बांधलेली असते. पहिल्या दोन फेऱ्या एकेक शेंग, मंग दोन-दोन. जास्त कोनालेच टाकता येत नाही. शेवटी जे राह्यले त्याइनं पत्ते उघडे करायचे."

रंगरावांनी मला डोळा मारला. ऋत्विक खेळत नाही, तो बापाच्या मागे भिंतीशी बसला.

पहिल्याच डावाला चष्मा कपाळावर गेला. मिशीत हसू आलं. पाटीत दोन्ही हात घातले, तोच बाई म्हणाल्या, "एकच, भाऊ. एकच."

आता एका शेंगेला कोण भितं? बाई बसून राहिल्या, त्यांचा दीरही बसून राहिला. पत्ते उघडले. रंगरावांकडे दुर्री, पंजी आणि अठ्ठी.

असल्या डावात पत्ते वाईट आले की सुरुवातीलाच टाकावे आणि चांगले आले की शेवटपर्यंत जावं. बाई तेच करत होत्या. भाव दुप्पट व्हायच्या वेळी क्षणभर थांबायच्या, मग एक तर पत्ते टाकून मोकळ्या व्हायच्या, नाही तर ठाण मांडून बसायच्या. मी रंगरावांना कोपर मारला, "टाका नं!" ऐकतील तर शपथ. उलट म्हणाले, "एका शेंगीत काय मजा? भाव वाढवा." बाईंनी एकाच्या दोन केल्या, दोनाच्या चार. पण वरची हद्द तर तशीच बांधलेली. मग काय, पाटी दुप्पट वेगानं रिकामी झाली. दरवेळी चष्मा वर, दरवेळी हसू, आणि दरवेळी उघडल्यावर नुसता कचरा.

शेवटी बाई पदर तोंडाला लावून हसल्या. "काय जी पाव्हणे, तुमच्या तोंडावर तर तीन एक्के होते!"

सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यात मोठ्यानं. अनुपमा चहा घेऊन आली, तेव्हा बाईंनी अगदी साधेपणानं विचारलं, "मंग, पोरगा पुन्यालेच राह्यते नं?"

रंगरावांचा हात सवयीनं चष्म्याकडे गेला. चादरीवरचे सगळे त्या हाताकडे पाहायला लागले. हात अर्ध्यातच थांबला. त्यांनी मागे वळून पाहिलं तर ऋत्विक मान खाली घालून स्वतःच्या नखांतली माती काढत होता.

रंगरावांचे कान लाल झाले. "नाही," ते म्हणाले. "घरीच हाय. कारले लावते." एवढंच, आणि तेही चहाच्या कपाकडे पाहून.

बाईंनी पत्ते गोळा केले. "कळवतो आम्ही," म्हणाल्या. अनुपमानं मात्र ट्रे खाली ठेवता ठेवता ऋत्विकला विचारलं, "मांडव तारेचा हाय का बांबूचा?" त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "तारेचा." त्यावर एक शब्द जास्त नाही.

परतताना मोताळा ओलांडला. मग मागून ऋत्विक हळूच म्हणाला, "बाबा, एवढी लाज वाटते का माही?" रंगरावांनी खिडकीची काच खाली केली, परत वर केली.

अजून वडनेरचा फोन नाही. काल कुंपणाशी भेटले, तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "काय रंगरावभाऊ, फोन नाहीच आला तर दुसऱ्या गावी काय सांगसान?"

मान खालीच होती, पण बोलले. "कारले लावते, असंच सांगीन. अन् पोराच्या देखत सांगीन. तू फक्त मधात बोलू नको."