मामाजी आणि कापसाचा करारनामा

मामाजींनी मला शाळेत मास्तर म्हणून नेमलं, ते शेतावर सालदार नेमतात तसं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी ओट्यावर बसवून, हातात विडा देऊन. वर्षाचा पगार अमुक, वर एक धोतरजोडी, एक घोंगडी आणि वहाणांचा एक जोड. साल या आखाजीपासून पुढच्या आखाजीपर्यंत, मध्ये सोडून जायचं नाही. मी तेल्हाऱ्याच्या खात्यापित्या घरचा, अकोल्याला राहून मास्तरकीची परीक्षा दिलेला, इंग्रजीत सही करणारा माणूस. (सहीपलीकडचं इंग्रजी मला येत नव्हतं, पण ते विचारतंय कोण?) मी म्हटलं, "मामाजी, मास्तराला वहाणा देण्याची रीत नाही."

"काहून? मास्तर अनवाणी शिकवते काय?"

मी विडा तोंडात टाकला. वहाणा मात्र चांगल्या निघाल्या, हे कबूल करायला हवं.

मामाजी म्हणजे माझे सासरे. वलगावात त्यांची काळी कसदार जमीन होती आणि गावच्या शाळेचा सगळा कारभार त्यांच्या अंगावर होता. जागेचं भाडं, पाणक्याचा ठेका, मास्तरांचा पगार, फुटलेल्या पाट्या, सगळं. मी शाळेत त्यांना मामाजी म्हणे, म्हणून पोरं म्हणू लागली. पोरांचं ऐकून पोरांचे बाप. शेवटी शाळा तपासायला येणारे डिप्टीसाहेबसुद्धा. एका जावयापायी हा माणूस अख्ख्या गावाचा सासरा झाला. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. एवढंच म्हणाले, "दिवाळीले मात्र सगळे नका येऊ म्हणा."

सौदा करण्याची त्यांची एक पद्धत होती. ठेकेदार आला की आधी त्याला जेवायला घालायचं. वांग्याची भाजी, वरण आणि गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, तेही तुपात बुडवून. त्याचं पोट तट्ट होऊन डोळे मिटायला लागले की मग भावाची गोष्ट काढायची. "उपाशी माणसासंग सौदा करू नये," ते म्हणत. "तो दोन जेवणाचे पैसे मांगते." ठेकेदार आकडा सांगे. मामाजी म्हणत, "काहून?" तो कारण सांगे. पुन्हा "काहून?" चौथ्या-पाचव्या काहूनला त्याची कारणं संपत आणि आकडा खाली उतरे. हा प्रयोग मी एकदा घरी बायकोवर करून पाहिला. दुसऱ्याच काहूनला माझं जेवण बंद झालं. शेवटी तीही त्यांचीच लेक.

मग ते कापसाचं साल आलं. तुमच्यापैकी ज्यांनी ते पाहिलं त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना खरं वाटणार नाही. तिकडे अमेरिकेत भाऊबंदकीची लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि इकडे आमच्या वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. ज्याच्याकडे दोन बैल आणि एक गाडी, तो राजा झाला. बैलांच्या गळ्यात चांदीच्या घागऱ्या आल्या. आमचा पाणक्या पखाल टाकून अमरावतीच्या बाजारात हमाल झाला. माझ्या जोडीचा दुसरा मास्तर एका सकाळी आलाच नाही; तो अकोल्याच्या एका आडत्याकडे वजनं लिहायला लागल्याचं आठ दिवसांनी कळलं. गावोगावच्या शाळा अशाच ओस पडत होत्या.

मलाही त्याच आडत्याचा निरोप आला होता. मी मनातल्या मनात अकोल्यात घरसुद्धा घेतलं होतं, दोन मजली. मामाजींपुढे जाऊन म्हटलं, "मला जरा मोठी संधी आली आहे."

"जा ना बापा," ते म्हणाले. "आखाजीले जा. साल पुरं करून. मधातून गेलेल्या सालदाराले पुढं कोणी उभं करत नाही."

मी सालदार नाही, मास्तर आहे, असं एक बाणेदार वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण अंगावर त्यांनी दिलेलं धोतर होतं, पायांत त्यांनी दिलेल्या वहाणा होत्या. एवढ्या सामानानिशी बाणेदार होता येत नाही.

शाळा तेव्हा एका शेठजींच्या घरात भाड्याने भरत असे. शेठजींना त्या घरात कापूस भरायचा होता. मामाजींनी त्यांना जेवायला बोलावलं आणि ठरवलं असं, की मृग लागेपर्यंत अर्ध्या घरात कापूस राहील, अर्ध्यात शाळा, आणि भाडं माफ. मृगाला शाळेनं जागा सोडायची. पोरं कापसाच्या गाठोड्यांना टेकून पाढे म्हणत. त्या वर्षी आमची पोरं अभ्यासात मागं पडली, पण इतकी गाढ झोपणारी शाळा सगळ्या वऱ्हाडात दुसरी नसेल. मास्तरही कधीकधी झोपत.

तेव्हा मृगाच्या आत शाळेची स्वतःची इमारत उभी राहणं भाग होतं, नाहीतर शाळा रस्त्यावर आणि मग बंदच. गावकऱ्यांनी वर्गणी कबूल केली, ती कापसात; कोणी एक गाडी, कोणी अर्धी. बांधायला अमरावतीचे करीममिस्त्री मिळाले. रोडगे खाऊन झाल्यावर मिस्त्री म्हणाले, "मामाजी, रुपये का क्या करूं? रुपया तो घट रहा है. मेरेकू कपासच दो."

"काहून?" मामाजी म्हणाले. "कापूस उद्या पडला त?"

शेठजी आणि शाळेच्या कमेटीतले बाकीचे सगळे हसले. मी तर उठून उभा राहिलो आणि अमेरिकेची लढाई आणखी दहा वर्षं कशी चालेल ते समजावून सांगितलं. नकाशा काढून सांगितलं. तो नकाशा पाहून अमेरिकेतल्या माणसांनाही आपला देश ओळखता आला नसता. पण मामाजींच्या बाजूनं कोणीच नव्हतं. आमच्याकडे तेव्हा कापूस पडेल असं म्हणणं म्हणजे उद्या सूर्य पडेल असं म्हणणं. करारनामा माझ्याच सुरेख मोडीत लिहिला गेला: छप्पर चढलं की मिस्त्रीला बारा गाड्या कापूस, रोख काही नाही.

मामाजींनी स्वतःच्या रानात मात्र त्या वर्षीही ज्वारीच पेरली होती. कापसाच्या पांढऱ्या समुद्रात एवढंच एक हिरवं बेट. लोक येता-जाता म्हणत, "मामाजी, साऱ्या गावाले चांदी लागली अन् तुमी कणसं मोजून राहिले?" घरात मीही थोडं हसून घेत असे. ते म्हणत, "कापूस खाता येत असला त सांगा, उद्या पेरतो." ती ज्वारी त्यांनी अंगणातल्या पेवात, जमिनीखालच्या कोठारात भरली आणि वरून माती लिंपली.

होळीच्या सुमारास तिकडची लढाई थंडावल्याची बातमी आली आणि भाव कोसळला. असा कोसळला, की अमरावतीच्या बाजारात गाड्या उभ्या आणि बोली करायला माणूस नाही. आमच्या शाळेच्या भिंती दाराच्या चौकटीपर्यंत आल्या होत्या. मिस्त्रींनी विटा उधारीवर आणल्या होत्या, सागवान ठरवून ठेवलं होतं, गवंड्यांची मजुरी चढली होती. बारा गाड्या कापसात आता त्यांची विटांची उधारीसुद्धा फिटत नव्हती. चैत्रात त्यांनी काम थांबवलं.

कमेटी बसली. खरं सांगायचं तर कमेटी खूश होती. शेठजी म्हणाले, "करार तो करार. कापूस त्यानंच मांगितला होता. फुकटात शाळा होते आपली. नाही करत म्हणेल, तर फिर्याद करू. घर आहे त्याचं अमरावतीत."

मिस्त्री दाराशी बसले होते. हातातला मापाचा गज नुसता फिरवत होते.

मामाजी म्हणाले, "मास्तर, करारनामा वाचा बरं."

मी खणखणीत आवाजात वाचला. अक्षर माझं होतं ना.

"करारात कापूस लिवला हाय. कबूल," मामाजी म्हणाले. "मिस्त्रीचं घर घ्यायचं कुठं लिवलं? पुन्यांदा वाचा."

मी पुन्हा वाचला. तसं कुठं नव्हतं.

"नाही ना लिवलं? मंग ते करारात नाही. मोकळं झालं."

शेठजी तापले. "मंग छप्पर कोण देते? तुमी?"

"देतो ना."

"काहून?" हा शब्द कमेटीत त्या दिवशी पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडून निघाला.

मामाजी म्हणाले, "काहून म्हंजे? पोट्टे बसतीन कुठं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेव उघडलं. सगळ्यांनी कापूस पेरल्यामुळं ज्वारी बाजारात दिसेनाशी झाली होती. तिचा भाव तेवढा शाबूत होता. अर्धी ज्वारी गवंड्यांना मजुरीपोटी दिली. अर्धी अमरावतीला विकून सागवान आणि कवेलू, म्हणजे छपराची कौलं, आणली. मामाजींनी वर्गणीदारांकडेही फेरी मारली, की कापसाऐवजी थोडी ज्वारी द्या. सगळ्यांनी त्यांना पानसुपारी दिली, ज्वारी दिली नाही. सासूबाई पेवाच्या तोंडाशी उभ्या राहून म्हणाल्या, "शाळा काय तुमच्या बापाची हाय?"

"जावयाची हाय," मामाजी आतून ओरडले. "त्याले दुसरं येते काय?"

मी तिथंच पोतं धरून उभा होतो. पोतं जास्त घट्ट धरलं.

मिस्त्रींनी मृगाच्या चार दिवस आधी शेवटचं कवेलू बसवलं. पैसे वाचवायला भिंती होत्या तिथंच थांबवल्या होत्या, मी हौसेनं सुचवलेल्या कमानी आणि काचेची तावदानं गाळली होती. डिप्टीसाहेब म्हणाले, इमारत बुटकी आहे. पण होती. शेजारच्या तीन गावांत त्या साली शाळाच उरली नव्हती. कमेटीनं ठराव करून भाडं माफ केल्याबद्दल शेठजींचे आभार मानले आणि हिशेब कच्चा ठेवतात म्हणून मामाजींकडून कारभार काढून घेतला. तो ठरावही माझ्याच अक्षरात आहे.

अकोल्याला मी गेलो नाही. तो आडत्या दुकान टाकून कुठं गेला ते पुढं कोणालाच कळलं नाही, तेव्हा यात माझा त्याग वगैरे काही नव्हता. मामाजी त्यानंतर थोडीच वर्षं होते. लोक मला विचारतात, तुमचे सासरे शेवटी काय म्हणाले? शेवटी ते तापात होते, काही म्हणाले नाहीत. मला आठवतं ते त्याच सालच्या श्रावणातलं.

पेव रिकामं झालं होतं आणि नवी ज्वारी यायला अवकाश होता. बाजाराच्या दिवशी मामाजी माझ्यापुढं चालत होते, डोक्यावर ज्वारीचं पोतं घेऊन. ज्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या धान्य विकलं, त्या घरचा कर्ता भर बाजारातून धान्य विकत घेऊन चालला होता. मी दहा पावलं मागं होतो. मी त्यांचा जावई आहे हे साऱ्या वलगावाला ठाऊक असताना, मी दुकानांतल्या दोऱ्या आणि खिळे निरखत, कोणी परगावचा असल्यासारखा चाललो होतो.

शेठजींच्या दुकानावरून कोणीतरी हाक मारली, "काहो मामाजी, जवारी इकत? तुमची कुठं गेली?"

मामाजी थांबले नाहीत. "शाळेत पेरली," म्हणाले.

दुकानावर हशा पिकला. तेव्हा कसे कोण जाणे, माझे पाय पुढं गेले. मी त्यांना गाठलं, पोतं त्यांच्या डोक्यावरून खाली घेतलं आणि एक टोक धरलं. दुसरं त्यांनी धरलं. पोतं जड होतं, मला अशा कामांची सवय नव्हती, आणि तीन पावलांतच माझ्या बाजूनं ते घसरायला लागलं.

"नीट धरा, मास्तर," ते हळूच म्हणाले. "हे इकतचं हाय."