निजून चालवायची सायकल

१२ फेब्रुवारी १९५४ रोजी अठरा रुपये चार आणे देऊन आमच्या डाकघरातल्या वारलूभाऊंनी सादिक मिस्त्रीकडून आपली सायकल वेगळी जोडून घेतली. पाठ दुखे म्हणून ती आता मागे टेकून, पाय पुढे पसरून चालवायची होती. दुखणे थांबले. पण आधीच्या उंच बैठकीवरून गवतापलीकडचे दिसे. हिच्यावर डोके गवताच्याही खाली. तिसऱ्या दिवशी टपाल घेऊन जाताना जंगलात हाताच्या अंतरावर गवत हलले. वाघ बसलेल्या माणसावर येतो, उभ्यावर सहसा नाही. वारलूभाऊ उतरून उभे राहिले आणि चार मैल सायकल ढकलत थेट सादिकच्या दुकानात आले.

“पयल्यासारखी करून दे,” ते म्हणाले.

“काऊन भाऊ? पाठीले आराम नाई?”

“आराम हाय. पन हिच्यावर मी जनावराले माणूस नाई, चितळ दिसतो.”

सादिकने सायकल पूर्ववत केली. त्या मजुरीचे बारा आणे वारलूभाऊंकडे अजून बाकी आहेत.