बरोबरताईंचं स्वतःचं मत

स्टेशनापासून चौकाकडे जाणाऱ्या रुंद रस्त्यावर ताईंची लाँड्री होती. पुढे काउंटर, काउंटरमागे पडदा आणि पडद्यामागे वाफेच्या ढगात त्यांचे यजमान. यजमानांनी इस्त्री करायची आणि गप्प राहायचं, बोलायचं काम सगळं ताईंकडे, अशी वाटणी लग्नानंतर लगेचच झाली होती आणि दोघांनाही मानवली होती. गिऱ्हाईक कपडे टाकायला येई आणि मन मोकळं करून जाई. कुणी साहेबाला नावं ठेवी, कुणी सरकारला, कुणी सुनेला. ताई कॉलर उलटी करून मळ बघत, खिसे चाचपून विसरलेले रुमाल बाहेर काढत आणि मान हलवत म्हणत, "बरोबर आहे." सासूची पाठ वळल्यावर सून येई, तिलाही तेच ऐकायला मिळे. त्यावरून लोकांनी त्यांचं नाव बरोबरताई पाडलं. ताईंना ते ठाऊक होतं. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही.

त्या लबाड होत्या असं मात्र कुणी समजू नये. ही सवय लहानपणची. त्यांचे वडील आणि काका एकाच घरात राहत, पण मधे भिंत घातलेली, आणि भिंत उभी राहिली त्या दिवसापासून दोघांचा अबोला. बोलणं व्हायचं ते या मुलीच्या तोंडून. "काकाला विचार, रात्रभर नळ गळतोय तो ऐकू येत नाही का? कान विकलेत का?" असा निरोप घेऊन ती निघे आणि पलीकडे जाऊन सांगे, "बाबा म्हणतात, नळ तेवढा बघाल का?" तिकडून येणारी शिवीही वाटेतच गळून पडे. दोघांचं ऐकून घ्यायचं, दोघांना पटल्यासारखं दाखवायचं आणि घर शांत ठेवायचं, हे ती कुणी न शिकवता शिकली. पुढे लाँड्रीत तेच भांडवल कामी आलं.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि परेडचा विषय निघाला.

देशाचं मोठं लष्करी संचलन पूर्वी राजधानीत होत असे. मधली कित्येक वर्षं ते बंदच पडलं होतं. आता सरकारने ते पुन्हा सुरू करायचं ठरवलं, आणि तेही राजधानीत नव्हे, तर या शहरात, नेमकं याच रस्त्यावर. फक्त नगरपालिकेचा होकार हवा होता. तिथेच घोडं अडलं. बघता बघता शहरात दोन तट पडले. बसथांब्यावर, सलूनमध्ये, दवाखान्याच्या बाकावर दुसरा विषय नाही. रणगाड्यांनी रस्ता उखडणार का, खर्च कुणाच्या माथी बसणार, पोरांनी तोफा बघाव्यात की बघू नयेत. टीव्हीवर रोज संध्याकाळी चार माणसं एकदम बोलत आणि पाचवा त्यांना गप्प करायच्या नादात सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडे.

लाँड्रीत दर आठवड्याला येणारी दोन माणसं या वादात अगदी पुढे होती. एक कॅप्टनकाका. निवृत्त झालेले, बायको जाऊनही बरीच वर्षं झालेली. घालायचे फक्त पांढरे शर्ट, आणि कॉलरला खळ अशी हवी की टिचकी मारली तर आवाज आला पाहिजे. दुसऱ्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाई. मोजकं बोलणाऱ्या, वर्षानुवर्षं एकच करडा कोट वापरणाऱ्या.

कॅप्टनकाका एकदा काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाले, "पोरं तिकडे बर्फात पाय गोठवत उभी राहतात, ताई. लोकांनी त्यांच्यासाठी एक दिवस रस्त्यात उभं राहिलं तर काय बिघडलं?" बोलता बोलता त्यांचा आवाज कापला. ताईंनी हातातली पावती तशीच खाली ठेवली. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात ग्रंथपालबाई आल्या. त्यांचा धाकटा भाऊ सैन्यात होता, आणि तोफेच्या सरावात झालेल्या अपघातात गेला होता. हे त्या कुणाजवळ बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. "तो गेला तेव्हा त्याच्या तुकडीतली माणसं घरी आली होती. आईजवळ नुसती बसून राहिली. सैन्य म्हटलं की मला ती माणसं आठवतात. त्याच तोफा वाजतगाजत दारावरून गेलेल्या मला बघवणार नाहीत." ताईंनी पदराने डोळे पुसले. "बरोबर आहे, बाई. अगदी बरोबर."

दोन्ही वेळा त्या मनापासूनच बोलल्या होत्या. घोळ तिथेच होता.

नगरपालिकेने जाहीर सुनावणी ठेवली. दोन्ही बाजूंनी आपापले बोलणारे द्यायचे होते. रस्त्यावरच्या दुकानदारांतर्फे कोण, हा प्रश्न आला तेव्हा कॅप्टनकाकांनी छातीठोकपणे ताईंचं नाव दिलं. ग्रंथपालबाईंनीही तेच दिलं. दोघांनी ताईंना विचारलं होतं, आणि दोघांनाही काय उत्तर मिळालं असेल ते सांगायला नको. गर्दीच्या वेळी, पावती फाडता फाडता, ताईंनी दोनदा मान हलवली होती. गावच्या पेपरात दोन्ही बाजूंच्या वक्त्यांची नावं छापून आली आणि सगळा रस्ता पोट धरून हसला. समोरच्या चष्मेवाल्याने तर विचारलं, "ताई, एका बाजूने बोलून झाल्यावर पलीकडे चालत जाणार, की मधेच उभ्या राहणार?"

कॅप्टनकाका आले ते ताठ मानेनेच. इस्त्री व्हायचे शर्ट तसेच चुरगळलेले परत मागून घेतले, पिशवीत कोंबले आणि निघून गेले. ग्रंथपालबाई बोलल्या, तेही हळू आवाजात. "मला वाटलं होतं, तुम्हाला कळलं," एवढंच. धुवायला टाकलेला कोट लाँड्रीतच राहिला.

रात्री परगावच्या लेकीचा फोन आला. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. आधी ती खूप हसली, मग म्हणाली, "आई, कॉलेजच्या वेळचं आठवतं? मला चित्रकला शिकायची होती. तू म्हणालीस, बरोबर. बाबा म्हणाले, बँकेत लागेल असं काहीतरी शीक. त्यांनाही तू बरोबरच म्हणालीस. तू कुणाच्या बाजूने आहेस याची मी किती वाट पाहिली. मग मीच ठरवून टाकलं, की आईला काही फरक पडत नाही."

"असं कसं म्हणतेस ग," ताई म्हणाल्या. फरक पडत होता. लेक चित्रं काढायची तेव्हा त्या दारामागे उभ्या राहून बघत असत. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी त्या पडद्यामागे गेल्या आणि यजमानांना म्हणाल्या, "सुनावणीत काय बोलू?"

यजमान इस्त्री गरम होण्याची वाट बघत होते. "तुला काय वाटतं परेडबद्दल?"

"तुम्ही म्हणाल ते बरोबर."

"मी अजून काही म्हटलेलंच नाही," यजमान म्हणाले, आणि कामाला लागले.

दिवसभर ताईंच्या डोक्यात ते वाक्य फिरत राहिलं. आपलं मत शोधायचं म्हणजे नेमकं कुठे शोधायचं? पेपर वाचला की त्यातलं पटे. उलट बाजूचा पेपर वाचला की त्यातलंही पटे.

त्याच दिवसांत लष्कराच्या इंजिनिअरांचं एक पथक रस्त्याची मापं घ्यायला आलं. त्यांच्यातल्या एका अधिकारी बाईने लाँड्रीवरच्या ताडपत्रीच्या छपरीकडे बोट दाखवलं. परेड झालीच तर ही महिनाभर उतरवावी लागेल, असं म्हणाली. "बरोबर आहे," ताई म्हणाल्या. पथक पुढे गेलं. ताईंनी वर बघितलं. छपरीखाली दुपारी गिऱ्हाईकं सावलीला उभी राहत. ती गेली तर ऊन थेट काउंटरवर आणि धुतलेल्या कपड्यांवर. चपला न घालताच त्या रस्त्यात धावल्या. "अहो, थांबा. बरोबर नाहीये. छपरी नाही उतरवायची मला." अधिकारी बाईने कागद बघितला, पेन्सिलीने काहीतरी खोडलं आणि म्हणाली, "बरं, राहू दे." बस, एवढंच. आभाळ कोसळलं नाही. ताई तापलेल्या डांबरावर एकेक पाय उचलत उभ्या राहिल्या आणि त्यांना स्वतःचंच हसू आलं.

दुकानात परतल्यावर, पाय पाण्यात बुडवून बसल्या असताना, त्यांना माहेरची खिडकी आठवली.

त्या सात-आठ वर्षांच्या असतील. त्यांच्या गावातून पलटणी जाणार होत्या. घराला रस्त्याकडची खिडकी एकच, आणि ती वडिलांच्या वाट्याला आलेली. बँडचा आवाज आला तसे काका भिंतीला वळसा घालून आले आणि दारात उभे राहिले. विचारलं काहीच नाही. वडिलांनीही वळून पाहिलं नाही, फक्त थोडे बाजूला सरकले. दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि दोघांच्या मधल्या फटीत ती. काका घोडे मोजू लागले. वडील म्हणाले, "ती खेचरं आहेत." काका म्हणाले, "हो, खेचरंच." मधे मुलीने निरोप न पोचवता त्या दोघांमध्ये झालेलं एवढंच बोलणं तिने आयुष्यात ऐकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अबोला.

सुनावणीच्या दिवशी नगरपालिकेचा हॉल गच्च भरला होता. नगराध्यक्षाबाई व्यासपीठावर, उजवीकडे परेडच्या बाजूने बोलणारे, डावीकडे विरोधात बोलणारे. ताईंचं नाव पुकारलं तेव्हा हॉलमध्ये खसखस पिकली. त्या मधल्या वाटेत उभ्या राहिल्या. कुणीतरी माइक आणून दिला तर तो आधी उलटाच धरला.

"मला परेड बघायचीय," त्या म्हणाल्या.

नगराध्यक्षाबाईंनी विचारलं, "कारण सांगाल?"

"कारण असं नाही. लहानपणी एकदा पाहिली होती, घरातली सगळी एका खिडकीत उभी होती. पुन्हा बघावीशी वाटते." लोक हसले. ताईंचे कान तापले, पण त्या खाली बसल्या नाहीत. "खर्चाचं, रस्त्याचं मला कळत नाही. ग्रंथपालबाईंनी मला जे सांगितलं ते मला खोडता येत नाही, आणि खोडायचंही नाहीये. पण मी त्यांच्यासारखं म्हणत नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं. त्यांना तसं वाटू दिलं, ती माझी चूक."

कॅप्टनकाकांनी उत्साहाने टाळ्या वाजवल्या. ताई त्यांच्याकडे वळल्या. "साहेब, तुम्हालाही मी विचार न करताच हो म्हटलं होतं. त्याचीही चूक आहेच."

काकांचे हात तसेच हवेत राहिले.

ताईंच्या बोलण्याने कुणाचं मत बदललं नाही. त्यांच्यानंतर बरेच जण बोलले, पुष्कळ चांगलं बोलले. संध्याकाळी मतदान झालं आणि परेडला नगरपालिकेने थोडक्या मतांनी नकार दिला. ताईंनी आयुष्यात पहिल्यांदा कुठली तरी बाजू घेतली, आणि नेमकी तीच हरली.

बाहेर पायऱ्यांवर लेक उभी होती. न कळवता आली होती आणि मागच्या रांगेत बसली होती. "आई, मी असते ना, तर विरोधात बोलले असते."

"मग बोलायचं होतंस. मी काय तोंडावर हात धरला होता?"

मग दोघी बसस्थानकाकडे निघाल्या ते वाद घालतच. रस्त्यावरच्या दवाखान्यातल्या रोग्यांना परेडच्या आवाजाचा त्रास होतो की चार घटका करमणूक होते, यावर त्यांचं जुंपलं. त्या नादात लेकीची बस चुकली आणि ती रात्री मुक्कामाला राहिली.

कॅप्टनकाका पुढच्याच आठवड्यात शर्ट घेऊन आले. हरल्याचं दुःख होतं, पण ताईंवरचा राग उतरला होता. ग्रंथपालबाई मात्र फिरकल्या नाहीत. त्यांचा कोट प्लॅस्टिकच्या पिशवीत हँगरला लटकत राहिला. यजमान अधूनमधून पिशवीवरची धूळ पुसत. थंडी पडायला लागली तेव्हा बाई आल्या.

"तुम्ही माझ्याविरुद्ध बोललात," त्या म्हणाल्या.

"हो."

"पेपरात दोन्हीकडे नाव आलं तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली होती. भावाचं दुःख कुणापुढे उघडं केलं मी, असं झालं. हॉलमध्ये तुम्ही बोललात तेव्हा नुसता राग आला." त्यांनी कोट पिशवीतून काढला आणि तिथेच अंगात घातला. "राग बरा. तो उतरतो."

ताईंनी स्टूल पुढे केलं. बाई बसल्या, आणि भावाबद्दल बोलल्या. तो शिट्टी फार छान वाजवायचा, म्हणाल्या. ताईंनी या वेळी मधे एकही शब्द घातला नाही.

परेड शेवटी दुसऱ्या शहरात झाली. कॅप्टनकाका नवाकोरा शर्ट घालून आदल्या रात्रीच्या गाडीने गेले. ताईंनी यजमानांसोबत ती दुकानातल्या लहानशा टीव्हीवर पाहिली, अगदी शेवटच्या पलटणीपर्यंत. दोन दिवसांनी काका परत आले ते घसा बसवून आणि वैतागून. त्यांना खांबामागची जागा मिळाली होती. टोप्यांची टोकं तेवढी दिसली, बाकी नुसता आवाज. कुणापुढे हे कबूल करायला त्यांना जड जात होतं, पण ताईंसमोर करून टाकलं.

"तुम्ही तर सगळी बघितलीत म्हणे," ते म्हणाले.

"बघितली."

"मग सांगा की. आधी कोण होतं?"

ताईंनी हातातली शर्टाची घडी बाजूला ठेवली आणि पहिल्या तुकडीपासून सांगायला सुरुवात केली. काका काउंटरवर हात टेकून, डोळे मिटून ऐकत राहिले.