मातृभाषा : वरीलप्रमाणे

एका घरातली नऊ माणसं. मातृभाषेच्या जागी पहिल्याला, म्हणजे घरातल्या म्हाताऱ्याला, ‘मराठी’ आणि खालच्या आठांना ‘वरीलप्रमाणे’. फॉर्म बघूनच माझं डोकं फिरलं. २००१ची जनगणना चालू होती. मी शाळामास्तर, पण तेवढ्यापुरता सुपरवायझर, म्हणजे घरोघरी जाऊन माहिती लिहिणाऱ्यांचे फॉर्म तपासणारा. गाव गडहिंग्लजच्या बाजूचं, कर्नाटकाला चिकटलेलं.

“चौगुले, प्रत्येकाला विचारलंत?” फॉर्म भरणाऱ्या गुरुजींना मी विचारलं.

“म्हाताऱ्यानंच सगळ्यांचं सांगितलं, सर.”

तहसील ऑफिसला फोन लावला. साहेब म्हणाले, “उद्या फॉर्म जमा करायचेत. मराठी जास्त निघाली तर तुमचं काय बिघडतंय?”

बिघडतं. जनगणनेत मातृभाषा म्हणजे घराची भाषा नव्हे. लहानपणी आई ज्या भाषेत बोलायची ती. म्हणून एकाच घरात दोन निघू शकतात. चौगुलेंना घेऊन मी परत त्या घरी गेलो.

म्हाताऱ्यानं “बसा पावणं” म्हणून घोंगडं टाकलं. दारात सून उभी होती. तिला विचारलं, “तुमची आई तुमच्याशी कशात बोलायची?”

तिनं सासऱ्याकडं बघितलं.

“मराठीच लिवा!” म्हातारा कडाडला. “एक कानडी लिवलं की उद्या गाव तिकडं द्याल.”

“मामा, माझ्या अव्वाला मराठी येतच न्हवतं,” सून हळू बोलली. “खोटं कसं सांगू?”

मला तिचं कौतुक वाटलं आणि काळजीही. आमच्या मागं बोलणी तिलाच खावी लागणार होती. विषय बदलायचा म्हणून मी म्हाताऱ्याला विचारलं, “तुमच्या आईचं माहेर कुठलं?”

“शिवंपल्याड, हुक्केरीकडचं.”

“जेवायला कशी हाक मारायची?”

“बा मगा, ऊटा माडु,” तो सहज म्हणाला. ये लेका, जेव. डोळे पुसायला त्यानं टोपी काढली.

“लिवा,” तो म्हणाला. “माझंबी कानडीच लिवा.”

बाकीच्या सातांनाही विचारलं. ती मराठी निघाली. चौगुले हसत म्हणाले, “सर, वर म्हाताऱ्याचं कानडी झालं, म्हणजे सुनेचं ‘वरीलप्रमाणे’ आता बरोबर हाय की.”

“खोडा,” मी म्हणालो. “तिनं आधी सांगितलंय. तिच्या नावापुढं पूर्ण अक्षरात लिहा.”

फॉर्म एक दिवस उशिरा गेले, साहेबांची बोलणी मी खाल्ली. गाव अजून महाराष्ट्रातच आहे.