नागनाथ आणि कालव्याची तार

चुडाव्याच्या कालवा कचेरीत माझ्या समोरच्या टेबलाला नागनाथ बसायचा. निवृत्त होऊन त्याला तीन वर्षं झाली, पण असला चिवट कारकून मी पुन्हा पाहिला नाही. एकदा फोन धरला की कागद हाती लागेपर्यंत सोडायचा नाही, मग चहाची पार बासुंदी होवो.

आमचा फोन पोस्टाचा नव्हता. कालव्याच्या कडेनं खात्याची स्वतःची तार थेट परभणीच्या दप्तरखान्यात जायची. तीन खात्यांचे जुने कागद तिथं एकत्र ठेवलेले. काम इथं, कागद तिथं! मग फोन लावायचा, तिकडं बायनाबाई नावाची शिपाईबाई फडक्यात बांधलेला कागदांचा बस्ता सोडून वाचून दाखवणार, आपण उतरवून घेऊन सही-शिक्का मारायचा. मध्यंतरी एका ठेकेदारानं साहेबाचा आवाज काढून कागद वाचून घेतला होता. तेव्हापासून दर सोमवारी खुणेचा नवा शब्द ठरायचा. तो सांगितल्याशिवाय बायनाबाई सख्ख्या भावालाही दाद देत नसे.

गोष्ट शहाऐंशीच्या मे महिन्यातली. विद्यापीठाच्या नामांतरावरून माझं आणि नागनाथाचं जोरदार वाजलं होतं. मी म्हणालो, "नाव बदलून काय पोट भरणार हाय?" तो म्हणाला, "मग तुमी तुमचं बदला की, माणिकराव!" त्यावर मीच अबोला धरला. पंधरा दिवस झाले होते.

त्या दिवशी दुपारी हिंगणवाडीची सरजाबाई आली. तिची वाडी कालव्यात जाणार होती. जुन्या घरमोजणीत ज्यांचं घर होतं, त्यांना नव्या गावठाणात जागा मिळणार होती. यादी मी करत होतो आणि ती त्याच दिवशी पाचला बंद व्हायची. हिच्याजवळ कागदाचा कपटा नव्हता.

"घर हाय की दादा, येऊन बघा," ती म्हणाली.

"मला घर दिसून काय उपयोग? सरकारला कागद लागतो. निघा आता!" मी खेकसलो. उन्हानं डोकं तापलं होतं, पण ती काही सबब नव्हे. बाई ओट्यावर जाऊन गुडघ्यात मान घालून बसली.

नागनाथानं माझ्याकडं न बघता भिंतीला सांगितलं, "काही लोकांना लय घाई असती." आणि फोन उचलला.

फोनमध्ये नुसती खरखर. गडी उठला, कोपऱ्यातला माठ उचलला आणि खिडकीखाली, जिथं फोनची अर्थिंगची तार जमिनीत गाडली होती, तिथं सगळा ओतला.

"अरे प्यायचं पाणी हाय ते!" मी ओरडलो. झालं, अबोला सुटला!

"भुई वाळली की आवाज मरतो," तो शांतपणे म्हणाला. फोन लावला तर बायनाबाईचा आवाज खणखणीत.

"शब्द?"

"करडई."

"न्हाई. आज सोमवार हाय."

नव्या शब्दाचं पाकीट आमच्याकडं आलंच नव्हतं. नागनाथानं तिथल्या हेडक्लार्कला, व्यंकटरावांना फोनवर बोलावून घेतलं. त्यांनी खात्री करायला विचारलं, "माझ्या पोरीच्या लग्नात तू काय सांडलंस?"

"कढी. तुमच्या व्याह्यांच्या धोतरावर."

"वाचून दाखवा त्याला," व्यंकटराव हसत बायनाबाईला म्हणाले.

आता नागनाथानं दप्तरखान्यातल्या कागदांची जुनी यादी काढली. हिंगणवाडी, तिसरी मांडणी, अकरावा बस्ता. बायनाबाई बघून आली. "हितं जंगलाचे कागद हायेत." पुन्हा बघायला लावलं, तेच. शेजारचे चार बस्ते बघितले, तेच. सव्वाचार वाजले. मी म्हणालो, "सोड आता. नसंल तिथं."

"यादीत हाय तर खोलीत असणारच," म्हणून त्यानं फोनवर विचारलं, "बाई, मांडणीवर आकडे हायेत का?"

"रंग दिला तवा गेले. आमी दारापासून मोजतो. दार डाव्या अंगाला हाय."

नागनाथानं जुन्या यादीवरून उजवीकडून डावीकडं बोट फिरवलं. मग म्हणाला, "ही यादी निजामाच्या वेळेपासून नोकरीत असलेल्या मुन्शीनं केलेली. मी चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकलो. आमचं पुस्तक उलट्या अंगानं उघडायचं. त्या माणसाचा हात उजवीकडूनच चालणार. बायनाबाई, उजव्या भिंतीपासून तिसरी मांडणी घ्या. बस्तेबी उजवीकडूनच मोजा."

"ह्या! असं कुठं असतंय व्हय?" बायनाबाई कुरकुरत गेली.

मी घड्याळाकडं बघत होतो. खरं सांगतो, कागद सापडावा म्हणून त्या घटकेला मी मनातल्या मनात हात जोडले होते. साडेचारला ती धापा टाकत परत आली.

"अगं बया! सापडलं की! पंचावन्न सालची घरमोजणी, मौजे हिंगणवाडी. घर एकोणीस. कुडाचं, दोन खणाचं. पुढं लिंब. राहणार सिताराम."

मी दारात जाऊन विचारलं, "मावशी, सिताराम तुमचे कोण?"

तिनं झटकन डोक्यावर पदर ओढला. सासऱ्याचं नाव ऐकल्यावर सून आणखी काय करणार? नुसती मान हलवली. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

नागनाथानं मजकूर उतरवून, सही-शिक्का मारून कागद माझ्यापुढं ठेवला. मी यादी ओढली आणि शेवटच्या ओळीखाली माझ्या हातानं लिहिलं: सरजाबाई, सिताराम यांची सून, घर एकोणीस.

"काय लिवलं दादा? मला वाचाय येत न्हाई."

मी वाचून दाखवलं.

"पुन्यांदा वाचा."

पुन्हा वाचलं. नागनाथ फोन ठेवून ऐकत उभा होता. पाच वाजले, शिपाई यादी न्यायला दारात आला.

"थांब रे जरा," मी त्याला म्हणालो आणि तिच्यासाठी तिसऱ्यांदा वाचलं.